हवा सकाळचीच बघायची

बाळा, ऐन मे महिन्यात नागपूरहून समृद्धीने मुंबईला निघतोयस, ७०१ किलोमीटरचा पल्ला. ऑइल, कूलंट, ब्रेक गॅरेजवाला बघेल. टायरची हवा मात्र तूच बघ, आणि तीही सकाळी, घराजवळच्या पंपावर. दोन-तीन किलोमीटरच्या पुढे गाडी पळाली की टायर तापायला लागतो, मग आकडा खरा येत नाही.

किती भरायची, हे पंपावरच्या पोराला विचारू नकोस. ड्रायव्हरचं दार उघडलंस की आतल्या खांबावर स्टिकर दिसेल. पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे तिथे असतात. बऱ्याच गाड्यांत भरल्या गाडीचे वेगळे देतात. तुम्ही पाच जण आणि डिकी गच्च, म्हणजे भरल्या गाडीचाच घे. टायरवर कोरलेला मॅक्सचा आकडा बघून हवा मारणारे महाभाग असतात. तो टायरच्या सहनशक्तीचा आकडा, तुझ्या गाडीचा नव्हे.

आता मुख्य गोष्ट. ‘उन्हाळ्यात हवा फुगते, चार पॉइंट कमीच ठेव’ असं सांगणारे तुला पदोपदी भेटतील. मान डोलव आणि सोडून दे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त मुडपते आणि पुन्हा सरळ होते. शंभरच्या वेगाला हे मिनिटात आठशेहून जास्त वेळा. पकड नसताना तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तेव्हा बोटाला चटका बसतो, तसंच हे. आतल्या आत उष्णता साठते, रबर आणि आतल्या दोऱ्यांची सांगड सुटते, मग टायर फुटतो. वर विदर्भाचं ऊन, खाली तापलेलं सिमेंट, आणि समृद्धीवर ना सिग्नल ना गाव, त्यामुळे टायरला उसंतच नाही.

वाटेत कुठे चेक केलीस तर तेहतीसची सदतीस दिसेल. घाबरून सोडू नकोस. साधारण पाच-सहा अंशांमागे एक पॉइंट चढतोच, गार झाल्यावर उतरतो. तापलेल्या टायरची हवा सोडलीस, तर तोच टायर गार झाल्यावर कमी भरेल.

नायट्रोजन भरलाय म्हणून निर्धास्त राहू नकोस. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरला लाथ मारून अंदाज घेणं तर विसरच. रेडियल टायर भरलेला असला तरी खाली जरा बसलेलाच दिसतो, डोळ्याला काही कळत नाही. स्वतःचं एक गेज घेऊन ठेव, पंपापंपावरची यंत्रं वेगवेगळं बोलतात. हवा भरून झाली की व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लाव, बुडबुडा आला तर गळतंय. मग टोपण घट्ट बसव.

टायरवर हात फिरवून बघ. दोन्ही कडा झिजल्यात तर हवा कमी राहत आलीय, मधलाच पट्टा गुळगुळीत असेल तर जास्त.

आणि स्टेपनी! ती डिकीत बॅगा भरायच्या आधी बघायची. तुझ्या आईचं सामान एकदा रचलं की ते उपसायला सांगायची माझी तरी हिंमत नाही.