दम कशासाठी हवाय, ते आधी विचारा

यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी फुफ्फुसाच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेताना जे शिकले, ते हे.

१. "काय होतंय?" याच्या आधी "काय करता येईनासं झालंय?" हे विचारावं. घाटंजीकडच्या एका आजींनी बिडीला कधी हात लावला नाही. उभा जन्म पऱ्हाटीच्या धुरात भाकरी थापल्या. त्या म्हणाल्या, "मले कळंबच्या चिंतामणीले जाचं हाय. उतरनं जमते, वरतं येताना जीव जाते." ते देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात. मग व्यायाम तोच ठरला: घरच्या ओट्याची एक पायरी, चढ-उतर. चढताना ओठांचा चंबू करून, चहा निववतो तशी संथ फुंकर. दम लागला की भिंतीला टेकून उभं राहायचं, बसायचं नाही. सहा मिनिटांत चालता येणारं अंतर ३० मीटरनी वाढलं की आम्ही खूश होतो. आजी मात्र दर भेटीला पायऱ्यांचाच हिशेब सांगत.

२. टीबीचं औषध पूर्ण केलेल्यांना "आता आराम करा" सांगू नये. जंतू गेले तरी अनेकांच्या फुफ्फुसावरचे व्रण राहतात, धाप राहते. त्यात बसून राहिलं की मांड्यांतली ताकद जाते आणि तेवढ्याच वाटेला जास्त दम लागतो. शिवाय वावरात न जाणाऱ्याला गाव धडधाकट मानत नाही, आणि तोही स्वतःला मानत नाही. हे दुखणं एक्स-रेत दिसत नाही.

३. वेणी घालणं, दोरीवर कपडे टाकणं याचीही चौकशी करावी. श्वासाला हातभार लावणारे खांद्याचे स्नायू हात वर करताना कामाला जुंपले जातात. बायका हे आपणहून सांगत नाहीत. हातांच्या व्यायामाला अर्ध्या लिटरच्या दोन पाणीबाटल्या पुरतात.

४. जिनिंगमधला कामगार सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते म्हणाला, तर नेहमीचा दमा समजून सोडू नये; कापसाच्या धुळीचा आजार असाच सुरू होतो. त्याला हंगाम भरायचा असतो. काम सोडा म्हणण्याआधी, त्याची हरकत नसेल तर, धुळीपासून लांबचं काम मिळेल का हे मुकादमाला विचारावं.

५. कापूस वेचणीच्या दिवसांत व्यायामाला कुणी येत नाही. व्यायामाचा ८ आठवड्यांचा कार्यक्रम वेचणी उलगडल्यावर, ऊन तापायच्या आत बसवावा. ते जमलं नाही, तर व्यायाम घरीच, पहाटे, चूल पेटायच्या आधी.