लाकडी माशाची चाल पोटात असते

बाळा, पटाशी हातात घेण्याआधी एवढं ध्यानात ठेव: मासा भुलतो तो चालीला. रंगाचं नंतर बघू. फिनलंडच्या लॉरी रापालानं तळ्यावर मासे धरताना हेच हेरलं होतं. थव्यातला जो मासा लंगडत, डुलत पोहतो, त्याच्यावरच मोठा मासा झडप घालतो. मग १९३६ साली त्यानं जोडे कातरायच्या रापीनं बुचाचा मासा कोरला, वरून चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. सगळं सामान घरातलंच.

आपल्याकडे मरळीला बेडकी लावायची रीत जुनी आहे. पण जिवंत बेडकी गळाला ओवणं मला कधी पटलं नाही, म्हणून मी लाकडाकडे वळलो.

सागवान घेऊ नकोस. ते जड पडतं, आणि अंगच्या तेलामुळे रंगही नीट धरत नाही. पांगारा घे. धुऱ्यावर, कुंपणाला तो सापडतोच. सावंतवाडीची खेळणीही पांगाऱ्याची होत आली. ओला तोडलास तर सावलीत वाळव, उन्हात तडकतो. सावरही हलकी, पण तिला बुरशी लवकर धरते, म्हणून जुना तुकडा उचलू नकोस. शिवणीचा तुकडा मिळाला तर जपून ठेव. थोडी जड असते, पण कोरायला फार गुणाची.

नऊ-दहा सेंटीमीटरचा ठोकळा घे. तो चौकोनी असतानाच मधली रेघ मार, पोटाची खाच पाड आणि तोंडाखाली जी पत्र्याची जीभ बसवायची तिची चीरही तेव्हाच घे. गोल केल्यावर गिरमिट घसरतं, रेघ हुकते, मग मासा जन्मभर एका कुशीवर पोहतो. गळ लाकडात नुसते खिळवू नकोस. नाकापासून शेपटीपर्यंत पोटातून एकच स्टीलची तार ने आणि कड्या तिच्याच वळव. मोठ्या मरळीनं लाकूड फोडलं तरी तार हातात राहते.

जीभ जर्मनच्या जुन्या भगुण्याच्या पत्र्याची कर. ती खाली उभी ठेवलीस तर मासा वरच्यावर डुलतो. अंगाच्या रेषेत पुढे काढलीस तर खोल जातो.

आता खरं काम. रंगाआधी चपड्याचा एक हात दे, गळ अडकव आणि मासा हौदात सोड. पाठ वर आणि पोट खाली राहिलं पाहिजे. बोटानं आडवा पाडलास तरी झटक्यात सरळ व्हायला हवा. होत नसेल तर पोटाला, मध्याच्या जरा पुढे, भोक पाडून शिसं घाल. जाळ्याची शिशाची गोळी ठेचून बसते. थोडं थोडं घाल आणि प्रत्येक वेळी पाण्यात बघ. शिसं फार झालं की मासा मुका होतो, ओढला तरी अंग हलवत नाही. इथे घाई करणाऱ्याचा रंग वाया जातो. दोरीनं ओढून बघताना उजवीकडे पळाला तर नाकाची कडी केसभर डावीकडे वाकव. डावीकडे पळाला तर उजवीकडे.

मग खाच एपॉक्सीनं बुजव. नुसता चपडा पाण्यात पांढरा पडतो, म्हणून रंगावरून एपॉक्सीचाच पातळ हात दे. कड्यांच्या मुळाशी नीट भर. पाणी तिथूनच शिरतं आणि लाकूड फुगलं की रंग तडकतो. डोळ्यांना टिकली चालते. पावसाळ्यात आपली कयाधू नदी गढूळ असते तेव्हा मी काळा मासा वापरतो, हिवाळ्यात पाणी निवळलं की चंदेरी.

मरळीसाठी मात्र जिभेचा मासा कमी, वर तरंगणारा जास्त लागतो. ती हवा घ्यायला वर येते आणि कुंभीच्या, शेवाळाच्या कडेला दबा धरते. तिथे जीभ काढून टाक, तोंड वाटीसारखं खोल कोर, म्हणजे झटक्याला पाणी बुळुक करून वाजतं. गळ दोनतोंडी घे, टोकं वर, पाठीला चिकटून. तीनतोंडी गळ शेवाळात गुरफटतो.

पावसाळ्यात तांबड्या पिलांचा घोळका पाण्यावर खदखदताना दिसला तर तिथे टाकू नकोस. खाली आईबाप राखण करत असतात आणि पिलांजवळ आलेल्या कशावरही तुटून पडतात. त्यांना उचललंस की घोळका इतर माशांच्या पोटात जातो. इसापूर किंवा सिद्धेश्वरच्या धरणावर जाणार असशील तर आधी तिथल्या भोई मंडळींना विचार. मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, आणि शेवाळ कुठे सरकलंय तेही त्यांनाच ठाऊक.