बोटांना कसे कळते?

अमरावती-नागपूर रस्त्यावर गुरुकुंज मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली तेथे आश्रम स्थापन केला. महाराजांची खंजिरी प्रसिद्ध आहे. खंजिरीवर थाप पडताच बोटांना तिचे कातडे जाणवते. ते कसे?

आपल्या पेशींच्या आवरणावर 'ग्राही' नावाची प्रथिने असतात. स्पर्शाचा ग्राही दाबाने उघडतो आणि मज्जातंतू तो निरोप मेंदूकडे नेतो. उष्णतेचा ग्राही वेगळा. गंमत म्हणजे वऱ्हाडी ठेच्यातील मिरचीनेही तोच उघडतो. म्हणून विस्तव नसताना तोंड भाजते! या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील पांढऱ्या पेशी आपल्या ग्राहींनी रोगजंतू ओळखतात. कुष्ठरोगाचे जंतू शरीरात शिरले, तरी बहुतेकांच्या पेशी त्यांचा बंदोबस्त करतात. काहींच्या शरीराला ते जमत नाही. त्यांचे मज्जातंतू बिघडतात. मग तापलेल्या तव्याला हात लागला तरी कळत नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अशाच रुग्णांची सेवा केली.

तुमच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा. तेथे औषध मोफत मिळते. ते वेळेवर सुरू केले, तर रोग बरा होतो आणि बोटांची जाणीवही वाचते.