आठ अक्षरांचे नाव

वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारी मेट्रो तुम्ही पाहिली असेल. ती ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. तिच्या स्थानकांची नावे इंग्रजीत लिहा आणि अक्षरे मोजा. वर्सोवा सात अक्षरांत बसते, अंधेरीही सातांत. घाटकोपरला मात्र नऊ लागतात. जुन्या संगणकावर फाईलला हे पूर्ण नाव देताच येत नसे!

१९८१ साली आलेल्या डॉस प्रणालीत फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि टिंबानंतर तीन अक्षरे मिळत. चकतीवर प्रत्येक फाईलची नोंद ३२ बाईटांची असे. त्यांपैकी ११ बाईट नावासाठी. टिंबाला तर जागाच नव्हती. ते आहे असे समजायचे! त्या काळी चकतीवर जागा थोडी होती, म्हणून ही काटकसर.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले. आता नाव २५५ अक्षरांपर्यंत चाले. पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून लांब नावाच्या फाईलला एक छोटे नावही मिळे. हजेरीपटावर एक नाव आणि घरात हाक मारायला दुसरे, तसेच हे. पहिली सहा अक्षरे, मग एक लहरी रेघ आणि आकडा. घाटकोपरचे झाले ‘घाटको~१’. लांब नाव जादा नोंदींत लिहिले जाई, एका नोंदीत तेरा अक्षरे. जुना डॉस त्या नोंदींकडे पाहतच नसे.

युक्ती हुशारीची, पण तिच्यात एक खोच आहे. समजा, ‘रिझल्ट नववी ए’ आणि ‘रिझल्ट नववी बी’ अशा दोन फाईली आहेत. दोन्हींची पहिली सहा इंग्रजी अक्षरे एकच. म्हणून ए तुकडीची झाली ‘रिझल्ट~१’, बीची ‘रिझल्ट~२’. पुढे कोणी दुसऱ्या चकतीवर नक्कल करताना बीची फाईल आधी घेतली, तर तिथे तीच ‘रिझल्ट~१’ होई. जुन्या संगणकावर फक्त छोटे नाव दिसे. लिपिकाने सवयीने ‘~१’ उघडली, की एका तुकडीचे गुण दुसऱ्या तुकडीच्या नावावर! चूक ना लिपिकाची, ना विद्यार्थ्यांची.

जाणते लोक वेगळेपणाचे अक्षर नावाच्या आरंभी ठेवत, किंवा ‘नववीए’ असे छोटेच नाव देत. मला दुसरी रीत अधिक पसंत आहे.

स्वाध्याय : जोगेश्वरी आणि बोरिवली ही नावे इंग्रजीत लिहा. कोणते नाव आठ अक्षरांत बसते? दुसऱ्याचे छोटे नाव काय होईल?