खाजेचे मलम : उपयोग आणि अपाय

अंगावर चट्टा उठला, खाज सुटली की आपण प्रथम औषधाच्या दुकानात जातो व ‘खाजेचे मलम द्या’ म्हणतो. मिळेल ते लावताच दोन दिवसांत आराम पडतो. मग तीच ट्यूब घरात सर्वांसाठी वापरली जाते. शेजारीही मागून नेतात. अशा पुष्कळशा मलमांत स्टिरॉइड असते. ते काय करते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

स्टिरॉइड त्वचेची सूज, लाली व खाज कमी करते. १९५२ साली हायड्रोकॉर्टिसोनच्या मलमाने इसबाला गुण येतो असे दिसून आले. तेव्हापासून इसब, सोरायसिस, तसेच सिमेंट किंवा खोट्या दागिन्यांमुळे उठणारे पुरळ यांवर ही मलमे मोठा आधार ठरली आहेत. परंतु स्टिरॉइड बुरशी मारत नाही. नायटा, म्हणजे गजकर्ण, हा बुरशीचा रोग आहे. त्यावर हे मलम लावल्यास खाज दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी पसरतच राहते. चट्ट्याचे रूप बदलल्याने रोग ओळखणेही कठीण जाते. मलम थांबवताच तो अधिक जोराने उठतो.

त्याहून खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या मुली व सुना गोरेपणासाठी ही मलमे चेहऱ्यावर लावतात. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमे व केस येतात, उन्हात आग होते. सावळा रंग हा रोग नाही. त्याला औषधाची गरज नाही.

वापरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आधी रोगाचे निदान, मग मलम. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावीत, असा नियम केला आहे.

२) प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

३) मलम फक्त दुखऱ्या जागी, डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस, दिवसातून एकदा किंवा दोनदा लावावे.

४) सर्व स्टिरॉइडे सारखी नसतात. हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, तर क्लोबेटासोल अतितीव्र. चेहरा, काख, जांघ व लहान मुले यांना तीव्र मलम आपल्या मनाने लावू नये. डोळ्यांभोवती दीर्घकाळ लावल्यास काचबिंदूचा धोका असतो.

५) इसबाच्या कोरड्या त्वचेला रोज व्हॅसलीनसारखे स्निग्ध मलम लावावे. त्यामुळे स्टिरॉइड कमी लागते.

६) अनेक महिने लावलेले मलम एकाएकी बंद न करता डॉक्टरांना दाखवावे.

‘स्टिरॉइड’ हे नाव ऐकूनच घाबरणारेही आहेत. इसबाने रात्रभर खाजवून रक्त काढणाऱ्या मुलाला डॉक्टरांनी दिलेले मलम न लावणे हाही त्याच्यावर अन्यायच होय. योग्य रोगावर, योग्य मात्रेत व ठरलेल्या मुदतीपुरते वापरल्यास अपायाची भीती फार थोडी असते. म्हणून घरातील ट्यूब आजच काढून तिच्यावरील औषधाचे नाव वाचावे, आणि ती कोणी, कशासाठी दिली होती हे आठवत नसेल तर ती बाजूला ठेवावी, अशी आमची वाचकांना विनंती आहे.