आकाशवाणीचा दिवस : काय ऐकावे व कसे ऐकावे

शेतीच्या साधनांची मोजदाद करताना नांगर, बैलजोडी, बी, खत व पाणी यांचा उल्लेख प्रत्येक जण करतो. वेळेवर मिळालेल्या माहितीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वस्तुतः पावसाच्या आदल्या दिवशी कापून उघड्यावर पसरलेले सोयाबीन भिजते, किंवा फवारणी होताच आलेल्या सरीने औषध धुऊन जाते, तेव्हा ती हानी बी-खताच्या उणिवेमुळे झालेली नसते. ती माहितीच्या उणिवेमुळे झालेली असते. ही उणीव भरून काढणारे अल्पखर्चाचे साधन म्हणजे रेडिओ होय. परंतु घरात रेडिओ असणे निराळे आणि त्याचा उपयोग करून घेणे निराळे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद नीट ध्यानी घ्यावा, एवढ्यासाठी हा पाठ आहे.

दिवसाचा क्रम

आकाशवाणीच्या प्रादेशिक केंद्राचा दिवस परंपरेने सकाळ, दुपार व सायंकाळ अशा तीन सभांत विभागलेला असतो. संकेतधून व मंगलवाद्य यांनी प्रातःकालीन सभेस आरंभ होतो. त्यानंतर भक्तिसंगीत, चिंतनपर भाषण, बातम्या व शास्त्रीय अथवा सुगम संगीत यांचा क्रम येतो. दुपारच्या सभेत स्त्रिया, कामगार व विद्यार्थी यांच्यासाठी कार्यक्रम आणि लोकसंगीत असते. सायंकाळी, शेतकरी रानातून परतण्याच्या सुमारास, ग्रामीण श्रोत्यांसाठी शेतीविषयक संवाद, हवामान व बाजारभाव देण्याची प्रथा आहे. रात्री भाषण, श्रुतिका, नाटक किंवा दीर्घ संगीतसभा होते. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. हलक्याफुलक्या मनोरंजनासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती ही स्वतंत्र सेवा अस्तित्वात आली.

कष्टकऱ्यास गाण्याबजावण्याचे काय प्रयोजन, असा आक्षेप कोणी घेतील. तो रास्त नाही. दिवसभराच्या श्रमानंतर विसावा ही माणसाची गरज आहे. शिवाय जो संच अभंगासाठी लावला जातो, तोच पुढे हवामानासाठी चालू राहतो. पुणे केंद्राचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या गीतरामायणाचा आरंभ झाला. दर आठवड्यास एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. ती मालिका चालू असतानाच, १९५६ च्या फेब्रुवारीत, याच केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक महत्त्वाचा प्रयोग हाती घेतला.

पुण्याचा प्रयोग

हा प्रयोग म्हणजे शेतकरी रेडिओ मंडळे. ही कल्पना मूळची कॅनडातील असून तेथे ती १९४१ पासून राबविली गेली. युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावी अशी मंडळे स्थापन झाली. दर रविवारी व गुरुवारी सायंकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, याप्रमाणे एप्रिलअखेरपर्यंत वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळात सुमारे वीस सभासद असत. कार्यक्रम संपताच ते त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. मंडळे असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळांच्या गावांतील श्रोत्यांचे ज्ञान लक्षणीय वाढले. मंडळ नसलेल्या गावांत मात्र, रेडिओ असला तरी, ही वाढ अल्पच राहिली. प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावा असा हा निष्कर्ष आहे. नुसत्या संचाने गाव शहाणे होत नाही. ऐकलेल्यावर चार माणसांनी बसून विचार केला, तरच ते ज्ञान अंगी लागते. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेण्यात आली. पुढे तमिळनाडूतील तंजावर भागात एडीटी-२७ या भाताच्या जातीची माहिती आकाशवाणीवरून इतकी पसरली, की शेतकरी तिला 'रेडिओ भात' म्हणू लागले.

नेमके काय टिपावे

संगीत व नाटक मन रमवून ऐकावे. परंतु पुढील तीन बाबी कागद-पेन्सिल घेऊनच ऐकाव्या.

१. हवामान. शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त आकाशवाणीवरून १९४५ पासून देण्यात येऊ लागले. त्यातील शब्द मोघम वाटतात, पण त्यांना ठरावीक अर्थ आहे. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे चतुर्थांशाहून अधिक, पण निम्म्यापर्यंत. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे निम्म्याहून अधिक, पण तीन-चतुर्थांशापर्यंत. आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे त्याहूनही अधिक. म्हणून 'तुरळक ठिकाणी पाऊस' ऐकूनही आपल्या शिवारात थेंब पडला नाही, तर वृत्त खोटे ठरत नाही. तसेच, तेवढ्याच आधारावर कोरडवाहू पेरणी उरकणेही शहाणपणाचे नव्हे. पावसाचे प्रमाणही समजून घ्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. विहिरीवरील पंप चालवावा की थांबवावा, याचा निर्णय या हिशेबाने सुकर होतो.

२. बाजारभाव. भाव सांगताना किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर आणि मालाची आवक सांगितली जाते. पुष्कळांच्या कानात कमाल दरच राहतो आणि बाजारात गेल्यावर निराशा पदरी येते. कमाल दर निवडक मालास मिळतो. आपला अंदाज सर्वसाधारण दरावरून बांधावा. त्यातून वाहतूक, हमाली व तोलाई वजा करून हाती काय उरते, ते पाहावे. आवक एकाएकी वाढली असल्यास टिकाऊ माल थोडा थांबवून ठेवता येतो. नाशवंत मालास ती सवलत नाही.

३. मात्रा. खत व औषध यांचे प्रमाण कानाने ऐकून डोक्यात ठेवणे धोक्याचे आहे. प्रमाण हेक्टरी सांगितले की एकरी, हे प्रथम लिहावे. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर; हेक्टरचे प्रमाण एकराला दिले तर मात्रा अडीचपट होते, पीक करपते व पैसा वाया जातो. दुसरी चूक नत्र व युरिया यांच्या घोटाळ्यातून होते. युरियात नत्र शेकडा ४६ असते. 'हेक्टरी ५० किलो नत्र' याचा अर्थ सुमारे १०९ किलो युरिया, म्हणजे एकरी साधारण ४४ किलो. त्याऐवजी हेक्टरी ५० किलो युरियाच टाकला, तर पिकास अवघे २३ किलो नत्र मिळते. औषधाच्या बाबतीत डब्यावरील पत्रिकेशी पडताळा घेतल्याशिवाय फवारणी करू नये.

श्रवणमंडळ कसे चालवावे

पूर्वी चावडीवरच्या एका संचाभोवती गाव जमे. आज आकाशवाणीचे कार्यक्रम मोबाईलवरील न्यूजऑनएअर या अ‍ॅपवरही ऐकता येतात. संच घरोघर झाला, पण बैठक मोडली. ती पुन्हा जमविणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

(अ) पंधरा ते वीस जणांचे मंडळ करावे. त्यात अल्पभूधारक, शेतमजूर व स्त्रिया अवश्य असाव्या. चावडीवरच्या जुन्या बैठकांत स्त्रिया सहसा नसत. बियाणे राखणे, निंदणी व जनावरांची निगा ही कामे ज्यांच्या हाती, त्यांच्याच कानी माहिती पोहोचत नसे.

(आ) आठवड्यातून दोन कार्यक्रम एकत्र ऐकावेत व त्यानंतर अर्धा तास चर्चा करावी. ज्यास लिहिता येते त्याने मुद्दे टिपावेत.

(इ) चर्चेअंती एकच कृती ठरवावी. ती कोण, कोणत्या शेतात व केव्हा करणार, हे वहीत नोंदवावे. नवा उपाय प्रथम दोन-चार गुंठ्यांवर करून पाहावा.

(ई) शंका राहिल्यास ती केंद्रास पत्राने कळवावी, अथवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारावी. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा शेतकऱ्याच्या भाषेत उत्तर देते.

(उ) पुढील बैठकीच्या आरंभी मागील कृतीचा पडताळा घ्यावा. सल्ला आपल्या जमिनीस मानवला नसेल, तर तेही स्पष्ट नोंदवावे.

रेडिओ साऱ्या प्रांतास एकाच वेळी सांगतो. आपल्या बांधावरील माती काळी की मुरमाड, हे त्यास ठाऊक नसते. ते आपणांस ठाऊक असते. त्याचे सांगणे व आपले जाणणे यांची सांगड मंडळाच्या बैठकीत पडते, आणि तिचा लाभ हंगामात पिकास मिळतो.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. मागील आठवड्यातील हवामानवृत्त व आपल्या गावी प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांत किती अंतर होते?
२. आपल्या मुख्य पिकाचा सर्वसाधारण दर व आपणांस मिळालेला दर यांत फरक का पडला?
३. हेक्टरी ८० किलो नत्र द्यावयाचे असल्यास एकरी युरिया किती लागेल?
४. आपल्या मंडळात कोण येत नाही, आणि त्यांना येता यावे म्हणून बैठकीची वेळ व जागा कोणती ठेवावी?