नियम मोडून दिलेलीं मतें : मोजावीं कीं मोजूं नयेत ?

शाळेच्या क्रीडांगणावर वारंवार घडणारी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. खेळास आरंभ होण्यापूर्वीं दोन्ही बाजू नियम मान्य करितात. खेळ रंगांत येतो, गुण जवळजवळ येऊन ठेपतात, आणि मग नियम मोडल्याचा बोभाटा होतो. त्या क्षणीं ज्यांचा लाभ नियम पाळण्यांत असतो ते नियमाचे कैवारी बनतात. आणि ज्यांचा लाभ नियम विसरण्यांत असतो त्यांस एकाएकीं दयेची व न्यायाची आठवण होते. हाच प्रकार एका बलाढ्य राष्ट्राच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकींत घडला, तेव्हां त्याचें स्वरूप काय झालें, हें २००८ सालच्या अमेरिकेंतील एका वादावरून पाहावें, असा या पाठांत आमचा हेतु आहे.

प्रथम तेथील रीत समजून घेऊं. आपल्या देशांत निवडणुकीस कोणी उभें राहावयाचें हें बहुधा पक्षाचे पुढारी ठरवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तसें नाहीं. तेथें डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन असे दोन मोठे पक्ष असून, अध्यक्षपदासाठीं आपला उमेदवार कोण असावा हें प्रत्येक पक्ष निरनिराळ्या राज्यांतील मतदारांस आधीं विचारतो. या पूर्वमतदानास प्रायमरी म्हणतात. कांहीं राज्यांत त्याऐवजीं मतदारांच्या सभा भरतात, त्यांस कॉकस हें नांव आहे. डेमोक्रॅटिक पक्षांत मिळालेल्या मतांच्या प्रमाणानें राज्याचे प्रतिनिधि उमेदवारांच्या वांट्यास येतात, आणि उन्हाळ्यांत भरणाऱ्या महाअधिवेशनांत ज्याच्या बाजूस निम्म्याहून अधिक प्रतिनिधि असतील तो पक्षाचा उमेदवार ठरतो.

हें मतदान सर्व राज्यांत एकाच दिवशीं होत नाहीं. जीं राज्यें आधीं मत देतात तेथें उमेदवार महिनोन्महिने फिरतात, तेथील लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकतात, वृत्तपत्रांचे बातमीदार तिकडेच लोटतात. आणि तेथें मागें पडलेला उमेदवार पुष्कळदां पुढील राज्यांपर्यंत पोहोंचतच नाहीं. त्यामुळें आपली पाळी आधीं यावी असें प्रत्येक राज्यास वाटतें. सर्वांनींच पुढें धांव घेतली तर गोंधळ व्हावयाचा. म्हणून २००८ च्या निवडणुकीकरितां डेमोक्रॅटिक पक्षानें असा नियम केला कीं, आयोवा, न्यू हॅम्पशायर, नेव्हाडा व साउथ कॅरोलायना हीं चार राज्यें वगळून कोणीहि ५ फेब्रुवारी २००८ च्या पूर्वीं मतदान घेऊं नये.

दोन मोठ्या राज्यांनीं हा नियम मोडला. मिशिगननें १५ जानेवारी व फ्लॉरिडानें २९ जानेवारी हा दिवस कायद्यानें मुक्रर केला. फ्लॉरिडाच्या विधिमंडळांत बहुमत रिपब्लिकन पक्षाचें होतें. तथापि बहुतेक डेमोक्रॅटिक सभासदांनींहि त्या कायद्यास अनुकूल मत दिलें होतें. मिशिगनमध्यें तर डेमोक्रॅटिक पुढाऱ्यांचाच यांत उत्साह होता. पहिलेपणाचा मान आयोवा व न्यू हॅम्पशायर यांनींच सदैव कां भोगावा, हा त्यांचा सवाल होता, आणि तो अगदींच निराधार होता असें आम्हांस म्हणवत नाहीं.

पक्षाच्या नियमांत या अपराधास शिक्षा लिहिलेली होती : राज्याचे निम्मे प्रतिनिधि कमी करावे. परंतु नियमसमितीस याहून कडक शिक्षा देण्याचाहि अधिकार होता, आणि इतर राज्यांस दहशत बसावी म्हणून तिनें तो वापरला. ऑगस्ट २००७ मध्यें फ्लॉरिडाचे, व डिसेंबर २००७ मध्यें मिशिगनचे, सर्वच्या सर्व प्रतिनिधि रद्द करण्यांत आले. प्रमुख उमेदवारांनीं त्या राज्यांत प्रचार न करण्याचें वचन दिलें. मिशिगनमध्यें बराक ओबामा, जॉन एडवर्ड्स, बिल रिचर्डसन व जो बायडेन यांनीं मतपत्रिकेवरून आपलीं नांवेंहि काढून घेतलीं. हिलरी क्लिंटन यांनीं आपलें नांव राहूं दिलें. मात्र तेथील मतदान कशांतच जमा धरलें जाणार नाहीं, हें त्यांनीं स्वतःच ऑक्टोबर २००७ मध्यें नभोवाणीवर बोलून दाखविलें होतें.

ठरल्या दिवशीं मतदान झालें. मिशिगनमध्यें क्लिंटन यांस शेंकडा सुमारें ५५ मतें पडलीं, आणि शेंकडा सुमारें ४० मतदारांनीं 'कोणासहि बांधलेलें नाहीं' या रकान्यावर खूण केली. फ्लॉरिडांत प्रचार नसतांहि सुमारें साडेसतरा लक्ष मतदारांनीं डेमोक्रॅटिक मतपत्रिका भरल्या. त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं मतें क्लिंटन यांस व सुमारें एक तृतीयांश ओबामा यांस मिळालीं.

एकानें आरंभींच मोठी आघाडी मारली असती, तर हीं मतें पुढें कोणाच्या स्मरणांतहि राहिलीं नसतीं. परंतु शर्यत अटीतटीची झाली. ओबामा थोडे पुढें व क्लिंटन थोड्या मागें, अशा स्थितींत वसंत ऋतु उजाडला, आणि रद्द झालेल्या मतांस अकस्मात् मोल आलें.

क्लिंटन यांचा पक्ष म्हणूं लागला : दिवस ठरविला विधिमंडळानें, मग शिक्षा मतदारांस कां ? ज्या फ्लॉरिडांत २००० सालीं अध्यक्षपदाचा निकाल अवघ्या ५३७ मतांवर लागला व मतमोजणीचें भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, तेथील लाखों लोकांचीं मतें पुन्हां केराच्या टोपलींत टाकावयाचीं काय ? ओबामा यांचा पक्ष उत्तर देई : नियम सर्वांस आधींपासून ठाऊक होता. मत मोजलें जाणार नाहीं म्हणून कित्येक मतदार घरींच राहिले असतील. त्यांस आतां काय सांगावें? ज्या मतपत्रिकेवर एकाचें नांवच नाहीं, ती दोघांमधील निवड कशी म्हणावी ? आणि ज्या राज्यांनीं आपली पाळी येईपर्यंत धीर धरला, त्यांच्या आज्ञापालनाचें मोल काय ?

वाचकहो, हे दोन्ही युक्तिवाद शांतपणें पुन्हां वाचा. दोन्हींत सत्याचा अंश आहे. परंतु एक गोष्ट ध्यानांत येते : ज्याला ज्या तत्त्वापासून लाभ होता, त्याच्या मुखीं नेमकें तेंच तत्त्व होतें. क्लिंटन यांचे सल्लागार हॅरोल्ड इकीस हे नियमसमितीचे सभासद होते; २००७ सालीं पूर्ण शिक्षेच्या बाजूनें त्यांनीं स्वतः मत दिलें होतें, आणि २००८ सालीं तेच त्या शिक्षेविरुद्ध तावातावानें बोलत होते. पुन्हां मतदान घ्यावें अशीहि सूचना मार्च २००८ मध्यें पुढें आली. वादाचा तोच सरळ तोडगा दिसत होता. परंतु पैसा, कायदा व वेळ यांच्या अडचणी निघाल्या, मिशिगनच्या योजनेवर ओबामा यांच्या बाजूनें शंका काढण्यांत आल्या, आणि दोन्ही राज्यांत तो बेत बारगळला.

शेवटीं ३१ मे २००८ रोजीं नियमसमिति वॉशिंग्टन येथें बसली. दोन्ही राज्यांचे सर्व प्रतिनिधि घ्यावे, परंतु प्रत्येकाचें मत अर्धेंच धरावें, असा निर्णय झाला. म्हणजे फिरून मूळ नियमांतील निम्म्या शिक्षेवरच समिति आली. फ्लॉरिडाविषयींचा ठराव २७ विरुद्ध ० असा एकमतानें संमत झाला. मिशिगनचें कोडें अधिक बिकट होतें. प्रत्यक्ष मतांवरून क्लिंटन यांस ७३ व न बांधलेल्यांस ५५ प्रतिनिधि आले असते. समितीनें मिशिगनच्या पक्षशाखेची सूचना स्वीकारून क्लिंटन यांस ६९ व ओबामा यांस ५९ दिले. तो ठराव १९ विरुद्ध ८ मतांनीं संमत झाला. जिच्यावर ओबामा यांचें नांवच नव्हतें त्या मतपत्रिकेवरून त्यांस प्रतिनिधि देणें हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, या आक्षेपास समाधानकारक उत्तर आम्हांस तरी सांपडत नाहीं.

शलमोन राजाच्या दरबारांतील बालकाची कथा आमच्या विद्यार्थ्यांनीं पवित्र शास्त्रांत वाचली आहे. बालकाचे दोन भाग करण्याची आज्ञा तेथें केवळ खऱ्या मातेची पारख करण्याकरितां होती. येथें मात्र मतांचे खरोखरच दोन भाग झाले. कारण आपला दावा सोडून मताचा मान राखणारी माता कोणत्याहि बाजूस उभी राहिली नाहीं.

पुढें ३ जून २००८ रोजीं ओबामा यांनीं आवश्यक तें बहुमत गांठलें व ७ जून रोजीं क्लिंटन यांनीं माघार घेतली. ऑगस्टमध्यें डेन्व्हर येथें महाअधिवेशन भरण्याच्या सुमारास खुद्द ओबामा यांच्याच विनंतीवरून दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींस पूर्ण मत देण्यांत आलें. हें औदार्य खरें. परंतु तोंवर त्यास कांहींच किंमत पडत नव्हती, हेंहि तितकेंच खरें.

आतां रिपब्लिकन पक्षाकडे पाहा. त्यांच्याहि फ्लॉरिडा व मिशिगन या शाखांनीं त्याच वर्षीं तोच अपराध केला. त्या पक्षानें नियमांत लिहिल्याप्रमाणें निम्मे प्रतिनिधि कापले आणि विषय मिटविला. त्यांची शर्यत मार्चमध्येंच जॉन मॅकेन यांनीं जिंकल्यामुळें भांडण्यास कारण उरलें नाहीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी लिहिलेली शिक्षा लिहिल्याप्रमाणें देण्यांत एक प्रकारची शांति आहे. जी शिक्षा नियमाच्या मापाहून मोठी केली जाते, ती पुढें लहान करण्याचा मोह होतो; आणि ती लहान करण्याची वेळ नेमकी तीच येते, ज्या वेळीं सर्वांच्या नजरा लाभाहानीवर खिळलेल्या असतात.

हा पाठ अमेरिकेपुरता आहे असें कोणी समजूं नये. वर्गनायकाची निवड असो, आंतरशालेय सामना असो, वा गांवच्या पंचायतीची निवडणूक असो, नियमभंगाचा प्रश्न उठला कीं प्रत्येकानें स्वतःस एकच गोष्ट विचारावी : गुण उलट असते, तर मीं हेंच म्हटलें असतें काय ? उत्तर नकारार्थी येत असेल, तर आपण न्यायाकरितां बोलत नसून जयाकरितां बोलत आहों. दुसऱ्यांशीं कसें वागावें याचा जो दंडक प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत घालून दिला, तो केवळ प्रार्थनामंदिरासाठीं नाहीं. खेळाचें मैदान व मतपेटी यांसहि तो लागू आहे.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. आपलें मूल सामना हरून घरीं येतें व पंचाची तक्रार सांगतें, तेव्हां त्याची बाजू घेण्यापूर्वीं तोच निर्णय प्रतिपक्षाविरुद्ध गेला असता तर त्याला कसें वाटलें असतें, हें त्यास प्रेमानें विचारावें. ही संवय लहानपणीं लागली नाहीं तर मोठेपणीं लागणें कठीण. मोठमोठे पुढारीहि तेथें चुकतात, हें आम्हीं वर पाहिलेंच. नियम करावयाचा तो गुणफलक कोरा असतांना. आणि नियमाचा अर्थ लावावयाचा तो गुणफलक झांकून.